महाराजांनी किती घेतले?

सप्ताहाचा हंगाम सुरू झाला की हिंगोली जिल्ह्यातल्या गावागावात चौकात फ्लेक्स लागतात. वर कीर्तनकार महाराजांचे फोटो, रोज एक, आणि काल्याला सगळ्यात मोठं नाव. खाली बारीक अक्षरात मृदंगाचार्य आणि गायनाचार्य. मग अन्नदात्यांची यादी. अगदी तळाला ‘समस्त भजनी मंडळ व गावकरी’. कीर्तन होतं, पंगत उठते, लोक घरी जातात. दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या टपरीवर पहिला प्रश्न येतो, ‘महाराजांनी किती घेतले?’

हा प्रश्न नुसत्या चौकशीचा नसतो. आकडा कळला की पुढचं वाक्य तयार असतं, ‘लोकांना सांगतात लोभ सोडा, अन् स्वतः पाकीट घेतात.’ हाच माणूस डॉक्टरच्या फीवरही कुरकुरतो, पण डॉक्टरने फी घेणंच चूक आहे असं तो म्हणत नाही. गाणाऱ्याच्या बाबतीत मात्र वाद तिथूनच सुरू होतो. किती घेतले ते नंतर, आधी घेतलेच का?

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करते. माझा आत्तेभाऊ मृदंग वाजवतो. जोग महाराजांनी १९१७ साली आळंदीत वारकरी शिक्षण संस्था सुरू केली आणि तिथून या शिक्षणाची जी परंपरा उभी राहिली, तिच्या ओढीने मराठवाड्यातली कितीतरी मुलं आजही आळंदीला जातात. दादा त्यांच्यातलाच. शिकायला त्याला जितकी वर्षं लागली, जवळपास तितकीच मला इंजिनिअरिंगला लागली. माझ्या कामाचे पैसे महिनाअखेरीला खात्यात येतात आणि ते घेणं नैतिक आहे का, असं मला आजवर कुणी विचारलेलं नाही. दादाला मात्र प्रत्येक गावात कुणी ना कुणी ऐकवतं, ‘देवाचं काम आहे, सेवा समजा.’ एकदा तो मला म्हणाला, ‘काय गं, तुमच्या कंपनीत कुणी म्हणतं का, यंदाचं प्रोजेक्ट सेवा म्हणून करा?’

मी हसले, पण प्रश्न डोक्यातून गेला नाही. गाणं-वाजवणं हा ज्याला पोटाचा धंदा करायचा आहे, त्याच्यापुढे रियाजाच्या, गुरूच्या, संधीच्या अडचणी असतातच. आपल्याकडे त्याआधी आणखी एक अडचण असते. गाण्याचे पैसे घेणं हे आतून कुठेतरी पाप आहे, असं त्याला आणि त्याच्या श्रोत्यांना दोघांनाही वाटत असतं. हे वाटणं कुठून आलं, आणि ते कितपत खरं आहे?

तुकोबांचं म्हणणं

या वाटण्यामागे मोठा आधार आहे. तुकोबांनी एका अभंगात फार कडक नियम घालून दिला आहे. जिथे कीर्तन करावं तिथे जेवू नये, कपाळाला बुक्का लावून घेऊ नये, गळ्यात माळ घालून घेऊ नये, आपल्या जनावरासाठी वैरणसुद्धा मागू नये, असा त्याचा आशय आहे. कीर्तनासाठी पैसे देणारा आणि घेणारा, दोघेही नरकात जातात इथवर ते म्हणतात.

‘त्यांचं काय जातंय म्हणायला’ असं यावर म्हणता येत नाही. तुकोबांच्या घरी महाजनकी होती, दुकान होतं. पण १६३०च्या दुष्काळाने धंदा बुडाला, पहिली बायको अन्नावाचून गेली. पैसा नसणं म्हणजे काय, हे या माणसाला पुरेपूर माहीत होतं. तरीही तो नको म्हणतो. का?

मला समजलेलं कारण असं. ज्याच्या हातून पैसे येतात, त्याचा चेहरा गाताना डोळ्यांसमोर येतो. त्याला काय आवडेल, काय खटकेल, याचा हिशोब मनात सुरू होतो. समोर सावकार बसला असेल आणि त्याच्याच घरचं जेवण पोटात असेल, तर सावकारीवर बोलताना जीभ अडखळते. आजची उदाहरणं शोधायला लांब जायला नको. निवडणुकीच्या वर्षी अमुक साहेबांच्या सौजन्याने झालेल्या कार्यक्रमात अमुक साहेबांचं कौतुक अभंगाच्या मधोमध येतं. रीलवर विनोद चालतात हे कळलं की निरूपण आखडतं आणि विनोद लांबतात. कुणी हुकूम दिलेला नसतो. पैशाचा उतार जिकडे, पाणी तिकडे.

आमच्याच जिल्ह्यातली एक कथा तुकोबांच्या बाजूने साक्ष देते. औंढा नागनाथाच्या देवळासमोर नामदेव कीर्तन करत होते. पुजाऱ्यांनी त्यांना तिथून उठवलं. ते देवळाच्या मागे जाऊन गाऊ लागले, आणि देऊळच त्यांच्याकडे तोंड करून फिरलं. नंदी आजही देवळाच्या मागच्या बाजूला दाखवतात. ही कथा आम्ही लहानपणी चमत्कार म्हणून ऐकली. आता मला त्यात वेगळी गोष्ट दिसते. नामदेवांना मागे जाऊन गाता आलं, कारण समोर गाण्याचा इसार त्यांनी कुणाकडून घेतलेला नव्हता.

म्हणजे टपरीवरच्या प्रश्नात तथ्य आहे. पैसा गाणाऱ्याला विकत घेऊ शकतो.

नर्सीच्या घरातला हिशोब

पण हिंगोलीजवळच, कयाधूच्या काठी, या गोष्टीची दुसरी बाजूही आहे.

नर्सी नामदेव हे आमच्याकडे नामदेवांचं जन्मगाव. परंपरेने त्यांचा काळ १२७० ते १३५० सांगितला जातो. जन्म नर्सीचा की पंढरपूरचा, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. आमच्याकडे हा वाद नाही, कारण गावाचं नावच तसं आहे. घरचा धंदा शिंप्याचा. मुलगा मात्र विठ्ठलापुढून हलायला तयार नाही.

मग घर कसं चाललं? हा प्रश्न आपल्या आधी त्या घरातल्या बायकांनी विचारून ठेवला आहे. नामदेवांच्या नावाने जी गाथा आहे, तिच्यात आई गोणाई आणि बायको राजाई यांच्या तक्रारीचे अभंग आहेत. माझा मुलगा तू पळवलास, असं गोणाई विठ्ठलाला सुनावते. घरात खायला नाही, अंगावर धड वस्त्र नाही आणि नवरा देवळात, असा राजाईचा सूर आहे. संतचरित्रांत परिसाची गोष्टही येते. परिसा भागवताच्या बायकोने राजाईला परीस दिला, तिने लोखंडाचं सोनं करून घरात चार गोष्टी आणल्या. नामदेवांना कळलं तेव्हा त्यांनी तो परीस चंद्रभागेत टाकला.

कीर्तनात ही गोष्ट नामदेवांच्या विरक्तीसाठी सांगतात, आणि ती तशी आहेच. पण ऐकताना मला दर वेळी वाटतं, त्या दिवशी संध्याकाळी चूल कुणी पेटवली असेल? परीस फेकणारा हात एकाचा होता. त्यानंतरचा हिशोब दुसऱ्याच कुणीतरी केला.

आणि त्या घरात आणखी एक गाणारी होती. परभणी जिल्ह्यातल्या गंगाखेडहून आलेली जनाबाई. नामदेवांनी काम सोडून गाणं धरलं. जनीने दळण, कांडण, शेणगोठा करता करता गाणं केलं. तिला कामाचे पैसे मिळाले नाहीत आणि गाण्याचेही नाहीत. पैसा न घेतलेल्या त्या गाण्यामागे जनीचं जातं होतं, राजाईचं पोट होतं.

म्हणून ‘गाणं फुकट असावं की पैशाचं’ हा प्रश्नच मला अर्धवट वाटतो. फुकटचं गाणंही कुणीतरी भरतच असतं. गाणारा आपल्या झोपेतून भरतो, नाहीतर त्याची बायको, आई, बहीण भरते. फक्त त्या भरण्याची पावती कुणी फाडत नाही. गाण्याचे पैसे कुणी दिले, असं विचारताना हा हिशोबही पुढे ठेवायला हवा.

दादाच्या घरी वहिनी शिलाई मशीन चालवते. वर्षातले काही महिने दादाच्या तारखा भरगच्च असतात, काही महिने फोन वाजत नाही. मशीन बारा महिने चालतं. गावाला दादाची सेवा दिसते. ती सेवा फॉल-पिकोवर उभी आहे हे फ्लेक्सवर कुठे लिहिणार?

इतकी नावं कशाला?

माझ्या पैशाला एकच नाव आहे, पगार. गाण्याच्या पैशाला मराठीत किती नावं आहेत ते मोजून बघा. शास्त्रीय गवयाला बिदागी. व्याख्यात्याला, कवीला मानधन. कीर्तनकाराला दक्षिणा किंवा संतपूजन. ऑर्केस्ट्रावाल्याला सुपारी, आणि ती पक्की करायला इसार. लावणी नाचणारीला दौलतजादा. वासुदेवाला, गोंधळ्याला पसाभर धान्य. हलगीवाल्याला एकेकाळी बलुतं.

प्रत्येक शब्द पैशाबरोबर आणखी काहीतरी सांगतो. ‘बिदागी’त निरोपाचा मान आहे. ‘दक्षिणे’त देणाऱ्याचं पुण्य आहे. ‘सुपारी’त सौदा आहे, म्हणून तो शब्द उच्चारताना आवाज खाली येतो. ‘दौलतजादा’ तर देणाऱ्याच्या ऐटीचं नाव आहे. घेणारीचं कौशल्य त्यात कुठेच नाही.

सगळ्यात विचार करण्यासारखा शब्द मला ‘मानधन’ वाटतो. आज महाराष्ट्रात मानधन कुणाकुणाला मिळतं? आशा ताईला, अंगणवाडी सेविकेला, आणि कलावंताला. ज्यांच्या कामाला पूर्ण काम म्हणायचं नाही, त्यांच्या पैशाला आपण मानधन म्हणतो. मान देऊन झाला की धन कमी दिलं तरी चालतं. ज्येष्ठ कलावंतांना राज्य सरकार दरमहा जी रक्कम देतं तिचंही नाव मानधनच. आधी कलावंतांची राष्ट्रीय, राज्य आणि स्थानिक अशी प्रतवारी होती आणि स्थानिकाला महिन्याला २२५० रुपये मिळत. २०२४ पासून सगळ्यांना सरसकट ५००० केले आहेत. वाढ चांगलीच झाली. पण आयुष्यभर गायलेल्या म्हाताऱ्याला मिळते ती पेन्शन नव्हे, मानधनच.

हिंगोलीच्या आणि वसमतच्या बाजारात हळदीचा लिलाव होतो. भाव पडला तर शेतकरी ओरडतो, चढला तर खूश होतो, पण भाव विचारायला कुणी लाजत नाही. गाण्याचा भाव आधी विचारायला देणाऱ्याला संकोच, सांगायला घेणाऱ्याला संकोच. ‘द्या काय द्यायचं ते’ आणि ‘तुमचं काय ते बघून घेऊ’ या दोन वाक्यांच्या मध्ये कितीतरी गायक-वादकांची उमेद गेली आहे.

ज्यांना नाही म्हणता येत नव्हतं

‘कला पैशासाठी नसते’ हे वाक्य ऐकायला सुंदर आहे. ते गावकुसाबाहेरून ऐकलं की वेगळं ऐकू येतं.

गावात लग्न असो, जत्रा असो, मयत असो, हलगी वाजायचीच. ती बहुतेक वेळा मातंग समाजातल्या माणसाच्या गळ्यात असायची. त्याला कुणी ‘येतोस का?’ असं विचारायचं नाही, सांगावा जायचा. मोबदला म्हणजे सुगीत मिळणारं धान्य आणि वेळप्रसंगी शिळंपाकं. त्याचं वाजवणं फुकट होतं असंही नाही आणि विकतचं होतं असंही नाही. ते जन्माबरोबर आलेलं होतं. त्याला एकच गोष्ट करता येत नव्हती. नाही म्हणता येत नव्हतं.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात वतनाच्या कायद्यात बदल सुचवणारं विधेयक मांडलं, ते गावकीच्या अशाच बांधलेल्या कामांतून माणूस सोडवण्यासाठी. आमचा भाग तेव्हा निजामाच्या राज्यात होता, १९४८च्या सप्टेंबरपर्यंत. पण वारं इकडेही आलं. गावकीचं वाजवणं नाकारणं हा स्वाभिमानाचा भाग झाला. पुढे तोच वाजवणारा बँड पथकात गेला, तारीख-वेळ ठरवू लागला, रोख पैसे मागू लागला, तेव्हा गावातल्या जुन्या लोकांना ते उद्धट वाटलं. त्याच्यासाठी मात्र ती नोट म्हणजे आयुष्यात पहिल्यांदा मिळालेला नकाराचा हक्क होता. पटलं तर येईन, नाहीतर दुसरा बघा.

इथे मला तुकोबा आणि हलगीवाला एकमेकांसमोर उभे दिसत नाहीत, शेजारी उभे दिसतात. एकाने पैसा नाकारला, दुसऱ्याने पैसा मागितला. दोघांनाही हवं होतं ते एकच. आपलं वाजवणं-गाणं दुसऱ्याच्या मुठीत नको. तुकोबांच्या वेळी मूठ देणाऱ्याची होती, म्हणून घेणं बंद. हलगीवाल्याच्या वेळी मूठ गावाची होती, म्हणून दर ठरवणं सुरू.

वामनदादा कर्डक (१९२२–२००४) आठवतात. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचा हा माणूस आयुष्यभर गावोगाव फिरून आंबेडकरी गाणी गात राहिला. एप्रिल आला की आजही हिंगोलीपासून मुंबईपर्यंत भीमगीतांच्या कार्यक्रमांच्या तारखा पकडल्या जातात, आणि तिथेही तोच वाद होतो, हे मिशन आहे की धंदा? मिशन म्हणून गाणाऱ्याच्या घरचं भाडं कोण भरतं, हे विचारल्याशिवाय या वादाला अर्थ नाही.

तिकीट

शास्त्रीय संगीतात ही सुटका वेगळ्या वाटेने झाली. विष्णु दिगंबर पलुस्कर १८९६ साली मिरजेचा राजाश्रय सोडून बाहेर पडले आणि १९०१ साली त्यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. ते एका राजाच्या खजिन्यावर चाललं नाही, लोकांच्या देणग्यांवर आणि जाहीर कार्यक्रमांवर चाललं. पुढच्या पिढीत हिराबाई बडोदेकरांनी तिकीट लावून जाहीर मैफली केल्या. बाई गाते म्हणजे काय, याबद्दल समाजाच्या मनात जे होतं, ते बदलण्यात त्या तिकिटाचा वाटा मोठा आहे. कोठीवर एक श्रीमंत माणूस पैसे देई आणि गाणारीवर हक्क सांगे. नाट्यगृहात पाचशे जण तिकीट काढतात. त्यातल्या एकालाही हक्क सांगता येत नाही.

पैसा एकाच हातातून आला तर तो दावं होतो. तोच पुष्कळ हातांतून थोडा थोडा आला तर गाणारा मोकळा राहतो.

नांदेडच्या वाटेवर

नामदेवांचं गाणं पंजाबात गेलं. गुरु ग्रंथ साहिबमध्ये त्यांची ६१ पदं आहेत. हिंगोलीशेजारच्या नांदेडला, हजूर साहिबमध्ये, ज्या ग्रंथासमोर रोज कीर्तन चालतं, त्यात नर्सीचा हा शब्द आहे. तिथल्या परंपरेत पैशाच्या या प्रश्नावर एक फार जुनी गोष्ट सांगतात.

पाचवे गुरु अर्जुनदेव यांच्या दरबारात सत्ता आणि बलवंड हे दोन रबाबी गात. घरात लग्न निघालं. त्या दिवशी जमेल ते अर्पण आम्हाला द्या, असं त्यांनी मागितलं. रक्कम अपेक्षेपेक्षा कमी निघाली, तेव्हा त्यांनी गाणं थांबवलं. आजच्या भाषेत, संपावर गेले. गुरूंनी मग शिखांनाच सांगितलं, तुम्ही गा. सामान्य माणसं वाद्यं हातात घेऊन गाऊ लागली.

गोष्ट इथेच संपली असती तर ‘बघा, पैसे मागितले की काय होतं’ असा तिचा बोध झाला असता. पण पुढे त्या दोघांना क्षमा मिळाली, आणि त्यांनी रचलेली वार गुरु ग्रंथ साहिबमध्ये घेतली गेली. परंपरेने दोन्ही गोष्टी राखल्या. गाणं व्यावसायिकाच्या मालकीचं नाही, ते कुणीही गावं. आणि व्यावसायिकालाही त्याची जागा आहे, ग्रंथाच्या आत.

माझ्या धंद्यात हे रोज दिसतं. जगातल्या कितीतरी वेबसाईट्सची सुरक्षा ओपनएसएसएल नावाच्या मोफत, खुल्या सॉफ्टवेअरवर चालते. २०१४ साली त्यात ‘हार्टब्लीड’ नावाची भयंकर चूक सापडली आणि सगळं जग हादरलं. तेव्हा लोकांना कळलं की या प्रकल्पाला वर्षाला जेमतेम २००० डॉलर देणग्या मिळत होत्या आणि पूर्णवेळ काम करणारा माणूस जवळपास एकच होता. अब्जावधी कमावणाऱ्या कंपन्या ते फुकट वापरत होत्या. कोड खुला होता, छानच होतं. पण कोड सांभाळणाऱ्यांचा दिवस, डोळे, झोप फुकट नव्हते. नंतर मोठ्या कंपन्यांनी मिळून निधी उभा केला.

अभंगही खुला आहे. नामदेवांचं पद गायला कुणाची परवानगी लागत नाही, लागू नये. पण ते पद सातशे वर्षं पोचवत आलेला गळा, त्या गळ्याला साथ देणारी बोटं, त्यांचा रियाज, त्यांचा मणक्याचा त्रास, रात्री दोनला टमटममधून घरी जाणं, हे खुलं नाही. ते एका माणसाचं आयुष्य आहे.

मोबाईलमधला श्रोता

आता कुणी म्हणेल, यूट्यूब आहे की. आहे. जाहिरातीचे पैसे सुरू व्हायला १००० सबस्क्रायबर आणि वर्षभरात ४००० तास बघणं लागतं. स्पॉटिफायवर २०२४ पासून एखादं गाणं वर्षभरात किमान १००० वेळा ऐकलं गेलं नाही, तर त्याचा हिशोब शून्य धरतात. म्हणजे तळातल्या गायकाचे पैसे थोडे असतात असंही नाही, ते मोजलेच जात नाहीत. फ्लेक्सवरच्या ‘समस्त भजनी मंडळा’ची ही डिजिटल आवृत्ती आहे.

कायदा मात्र गाणाऱ्याच्या बाजूने आहे. २०१२ साली कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली आणि सादरीकरणाचा व्यापारी वापर झाला तर रॉयल्टी मिळण्याचा हक्क गायक-वादकांना मिळाला. २०१३ साली गायकांची हक्क संघटनाही उभी राहिली. पण तालुक्याच्या स्टुडिओत एकरकमी पैसे घेऊन, कागदावर काहीही न लिहिता गाणं देणाऱ्या मुलीपर्यंत हे पोचलेलं नाही. तिचं गाणं पुढे लाखभर वेळा वाजलं तरी तिच्या हातात तेवढीच पहिली रक्कम असते.

म्हणून आमच्या भागात संगीतावर जगणारी माणसं एका गोष्टीवर जगत नाहीत. सप्ताह, लग्नसराई, जयंती, शाळेतली तासिका, गांधर्वच्या परीक्षांसाठी क्लास, मध्येच एखादं रेकॉर्डिंग. बाहेरून हे करिअर दिसत नाही. ते विणकाम आहे. पण तिकिटासारखाच त्याचा एक फायदा आहे. धागे पुष्कळ असले की एखादा सोडून देता येतो.

दोन प्रश्न

मग पुन्हा टपरीवर येऊ. महाराजांनी किती घेतले?

काही आकडे खरंच खटकणारे असतात. सोयाबीन पावसात गेलं त्या वर्षी घरटी वर्गणी लावून एका रात्रीसाठी मोठी रक्कम उभी केली जाते आणि ज्या घरात देण्यासारखं नाही, त्या घरानेही लाजेखातर दिलेली असते. पैसे घेणं पाप नाही, म्हणून असं घेणंही योग्य ठरत नाही. त्या घरालाही ‘नाही’ म्हणता यायला हवं होतं.

मला वाटतं, आकड्याऐवजी आपण दोन गोष्टी विचारू शकतो. हे पैसे घेतल्यावर गाणाऱ्याला, आणि देताना देणाऱ्याला, नाही म्हणायची मोकळीक उरली का? आणि या गाण्याचा खरा खर्च कुणाच्या अंगावर पडला? पहिला प्रश्न तुकोबांचा आणि हलगीवाल्याचा आहे. दुसरा राजाईचा आहे. या दोन्हींची उत्तरं नीट आली तर पाच हजार घेतले काय अन् पन्नास हजार घेतले काय, माझी तक्रार नाही. ती नीट आली नाहीत, तर एक रुपया न घेताही कुणावर तरी अन्याय झालेला असतो.

यातून काही बारीकसारीक गोष्टी लगेच करता येतात. तुमच्या गावच्या, कॉलेजच्या, सोसायटीच्या कार्यक्रमाला कुणाला बोलावणार असाल, तर पहिल्याच फोनवर रक्कम विचारा आणि व्हॉट्सअॅपवर लिहून टाका. साथीदारांचे पैसे वेगळे ठरवा, मुख्य गायकाच्या पाकिटातून त्यांना मिळतील असं धरू नका. त्याच रात्री द्या. मित्र गातो म्हणून फुकट बोलावणार असाल, तर नाही म्हणायची वाट त्याला आधी दाखवा. फ्लेक्सवर मृदंगवाल्याचं नाव वाचता येईल एवढं तरी छापा.

आणि तुम्ही स्वतः गाणारे, वाजवणारे असाल, हे सगळं सोडून त्यातच उतरायचं ठरवत असाल, तर दर सांगताना खाली बघू नका. देवासाठी, चळवळीसाठी, गुरूसाठी फुकट गावंसं वाटलं तर जरूर गा. तो तुमचा हक्क आहे आणि त्यातला आनंद पैशाच्या गाण्यात येत नाही, हे दादाही सांगतो. फक्त तसं ठरवण्याआधी एकदा घरात विचारा. कारण त्या रात्रीचे पैसे तुम्ही सोडलेत, तरी ते कुणीतरी दुसरं भरणार आहे, आणि तिचंही म्हणणं ऐकून घ्यायला हवं.